पैसे मी मोजले, मग घराचा प्लॅन कुणाचा?

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी सकाळी कराडहून मेहुण्याचा फोन आला, माझा चहासुद्धा व्हायचा होता. "दाजी, तुम्ही आर्किटेक्टच्या हापिसात होता न्हवं? मग सांगा बघू, प्लॉट माझा, पैसं मी मोजलं, घरात मी ऱ्हाणार, मग प्लॅन त्येचा कसा?"

झालं असं होतं की त्यानं दोन गुंठ्यांत बंगला काढलाय. आर्किटेक्टची फी ठरली, त्यातली ६० टक्के दिली, नकाशा मंजूर झाला, जोत्यापर्यंत काम आलं आणि मग जिन्यावरून वाजलं. मेहुण्याला जिना बाहेरून पाहिजे, म्हणजे उद्या वरचा मजला भाड्यानं देता येईल, आणि आर्किटेक्टचं म्हणणं की बाहेरून काढला तर साइड मार्जिन, म्हणजे बाजूला सोडायची मोकळी जागा, जातं, परत मंजुरी घ्यावी लागेल. शब्दाला शब्द लागला. ह्यानं दुसरा इंजिनिअर गाठला, तो म्हणाला मूळ ऑटोकॅडची, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेल्या नकाशाची, फाइल आणून द्या, दोन दिवसांत बदलून देतो. आर्किटेक्टनी फाइल द्यायला नकार दिला आणि वर सांगितलं की माझ्या प्लॅनवर दुसऱ्या कुणी काम केलं तर नोटीस पाठवीन.

मी वकील नाही, हे आधीच सांगतो. पण कोल्हापुरात बरीच वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काढलीत, ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनानं रेषा ओढायच्या, चुकली की ब्लेडनं खरवडायची, आणि दुपारी अमोनिया प्रिंट काढायला गेलं की त्या वासानं डोळ्यांतून पाणी. शीटच्या खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते, टायटल ब्लॉक म्हणतात तिला, त्यात मालकाचं नाव, गट नंबर, स्केल वगैरे, आणि सगळ्यात खाली एक बारीक ओळ. हे ड्रॉइंग आमच्या मालकीचं आहे, लेखी परवानगीशिवाय वापरू नये, अशा अर्थाची. ती ओळ मी स्टेन्सिलनं शेकडो वेळा लिहिलीय आणि तिचा अर्थ एकदाही विचारला नाही. मेहुण्याच्या निमित्तानं तो शोधून काढावा लागला.

## एका कागदात तीन गोष्टी

गोंधळ होतो तो इथंच. आपण नुसतं "प्लॅन" म्हणतो पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात.

एक म्हणजे कागद, नाहीतर पीडीएफ, जे तुमच्या हातात दिलंय ते. ते तुमचं, फ्रेम करा, कपाटात ठेवा. दुसरी म्हणजे त्या कागदावर जी रचना मांडलीय तिची नक्कल करायचा, ती बदलायचा, ती दुसऱ्याला द्यायचा हक्क, यालाच कॉपीराइट म्हणतात. आणि तिसरी म्हणजे त्या रचनेवरून एक घर बांधायची परवानगी, वकिली भाषेत लायसन्स. आर्किटेक्टला फी देता तेव्हा तुम्ही साधारणपणे पहिली आणि तिसरी गोष्ट घेता. दुसरी त्याच्याकडेच राहते, वेगळी लिहून घेतली नसेल तर.

शिंप्याचं बघा. ब्लाउज शिवायला टाकला, शिलाई दिली, ब्लाउज घरी आला, तो तुमचा, त्यावर कुणी वाद घालत नाही. पण मापं घेऊन त्यानं जो कागदाचा फर्मा कापला तो मागून बघा, "वैनी, फर्मा कशाला पाहिजे, ब्लाउज दिला की" म्हणेल. तुम्ही शिलाई दिली ती ब्लाउजची, फर्म्याची नाही. मेहुण्याला हे उदाहरण दिलं तर तो म्हणाला, "शिंपी नोटीस पाठवत न्हाई." बरोबर आहे, शिंपी पाठवत नाही, आर्किटेक्ट पाठवू शकतो, कारण त्याच्यासाठी कायद्यात सरळ तरतूद आहे.

## कायद्यात घराचा प्लॅन कुठं बसतो

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात कलाकृतीची जी व्याख्या आहे तिच्यात चित्र, शिल्प यांच्या बरोबरीनं ड्रॉइंग येतं, आणि ड्रॉइंगमध्ये नकाशा, तक्ता, प्लॅन हे सगळं धरलंय. म्हणजे कायद्याच्या नजरेत तुमच्या बंगल्याचा फ्लोअर प्लॅन आणि भिंतीवर लावायचं चित्र एका रांगेत. शिवाय प्रत्यक्ष इमारत किंवा तिचं मॉडेल, त्यात काही कलात्मक रूप असेल तर, तेसुद्धा वेगळं संरक्षित आहे. मात्र संरक्षण फक्त त्या रूपाला आणि डिझाइनला, बांधायच्या पद्धतीला नाही. स्लॅब कसा ओतला, वीट कशी रचली, यावर कुणाचा कॉपीराइट नसतो, नाहीतर गवंड्यांनी जगायचं कसं.

हक्क किती दिवस? ज्यानं काढलं त्याच्या हयातीत, आणि तो गेल्यावर पुढं ६० वर्षं. त्यासाठी रजिस्ट्रेशन करायलाच पाहिजे असंही नाही, ड्रॉइंग तयार झालं की हक्क आपोआप आला. केलं तर कोर्टात पुरावा म्हणून उपयोगी पडतं एवढंच.

आणि लोकांना हमखास माहीत नसतं ते हे: कागदावरची रचना विटामातीत उभी करणं हीसुद्धा कायद्यानं नक्कलच आहे. झेरॉक्स काढली तरच कॉपी असं नाही. दुसऱ्याच्या प्लॅनवरून परवानगीशिवाय घर बांधलं तर ते घर म्हणजेच कॉपी, दोन हजार स्क्वेअर फुटांची.

काढणारा डिग्रीवाला आर्किटेक्टच पाहिजे का? नाही. तालुक्याच्या गावात निम्मे प्लॅन सिव्हिल इंजिनिअर काढतात. सुप्रीम कोर्टानंही २०२० मध्ये सांगितलंय की १९७२ चा आर्किटेक्ट्स ॲक्ट "आर्किटेक्ट" ही उपाधी लावण्यावर बंधन घालतो, डिझाइनचं काम करण्यावर नाही. कॉपीराइट ज्याच्या डोक्यातून रचना निघाली त्याचा, त्याच्या दारावरची पाटी काही का असेना. फक्त तो पगारी नोकर असेल तर हक्क मालकाचा. म्हणजे मी जे शेकडो प्लॅन काढले त्यातला एकही माझा नाही, पगार घेत होतो ना.

## "पण पैसे तर मीच दिले की!"

हा सगळ्यात नेहमीचा आणि मला विचाराल तर सगळ्यात रास्त आक्षेप. आणि गंमत म्हणजे कायद्यानं काही बाबतीत तो मान्यही केलाय. लग्नाचा फोटोग्राफर आठवा. तुम्ही पैसे देऊन फोटो काढून घेतले, तर वेगळा करार नसल्यास त्या फोटोंच्या कॉपीराइटचे पहिले मालक तुम्ही, फोटोग्राफर नाही. पैसे देऊन स्वतःचं पोर्ट्रेट काढून घेतलं, तेच. कायद्याच्या १७ व्या कलमात अशी चार-पाच कामांची यादीच आहे, फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट, एनग्रेव्हिंग, सिनेमा.

त्या यादीत घराचा प्लॅन नाही. तिथं सरळ नियम लागू, जो निर्माता तो पहिला मालक, पैसे कुणी का दिलेले असेनात.

लग्नाचा अल्बम कायद्यानं आपला आणि आयुष्यभराची कमाई घातली त्या घराचा प्लॅन दुसऱ्याचा, हे ऐकायला विचित्र वाटतं हे मलाही मान्य. पण आर्किटेक्टच्या बाजूनं बघितलं तर त्याच्याकडं विकायला दुसरं काय आहे? सिमेंट विकत नाही, वाळू विकत नाही. एकदा प्लॅन काढला आणि तो गावभर फिरला तर पुढच्या दहा घरांची फी गेली.

हक्क विकत घेता येत नाही असं नाही बरं का. लिहून द्यायला लावायचं, त्याला असाइनमेंट म्हणतात. ते तोंडी चालत नाही, कागदावर पाहिजे आणि देणाऱ्याची सही पाहिजे. आणि त्यात एक खड्डा आहे ज्यात भलेभले बिल्डर पडतात. किती वर्षांसाठी दिला हे लिहिलं नसेल तर कायदा पाचच वर्षं धरतो. "सर्व हक्क दिले" असं नुसतं लिहून घेतलं आणि मुदतीचा उल्लेख राहिला, की सहाव्या वर्षी हक्क परत काढणाऱ्याकडे.

## मग मला बांधता तरी येतं का?

येतं. घाबरायचं कारण नाही. कुणीही आर्किटेक्टकडून प्लॅन भिंतीला लावायला काढून घेत नाही, बांधायलाच घेतो, म्हणून लिहिलेलं नसलं तरी बांधायची परवानगी त्यात गृहीत धरतात. प्रश्न एवढाच असतो की ती परवानगी किती लांब पोचते.

इंग्लंडमध्ये १९७१ च्या सुमारास याच प्रश्नावर दोन निकाल लागले, दोन्ही मजेशीर आहेत. पहिल्यात आर्किटेक्टनं मंजुरीपर्यंतचं काम केलं, त्या टप्प्याची रीतसर फी घेतली, मालकानं प्लॉट मंजुरीसकट विकून टाकला, आणि नव्या मालकानं त्याच प्लॅनवर घर बांधलं. कोर्ट म्हणालं चालतंय, फी मिळाली ना, परवानगी प्लॉटबरोबर गेली. दुसऱ्यात आर्किटेक्टनं मंजुरीपुरती अगदी नाममात्र रक्कम घेतली होती, पुढचं काम आपल्यालाच मिळणार म्हणून. तिथं कोर्ट म्हणालं की एवढ्याशा पैशात बांधायची परवानगी आली असं धरता येणार नाही. निकाल तिकडचे आहेत, आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाहीत, पण दोन्हींत व्यवहार दिसतो, जेवढी फी तेवढी परवानगी.

मेहुण्याची अडचण नेमकी इथं. ६० टक्के दिलेत, ४० बाकी आहेत. मंजूर प्लॅनप्रमाणे घर पूर्ण करायला त्याला कुणी अडवेल असं मला वाटत नाही, बाकी पैशांचा हिशेब वेगळा. पण त्याला मंजूर प्लॅनप्रमाणे नाही, बदलून बांधायचंय, आणि बदलायचा हक्क त्यानं घेतलेलाच नाही.

आणि एक प्लॉट म्हणजे एकच प्लॉट. आपल्याकडं सर्रास चालतं ते म्हणजे थोरल्याचं घर छान झालं, की धाकटा शेजारच्या प्लॉटवर तस्संच बांधतो, प्लॅन आहेच की कपाटात! ही दुसरी कॉपी झाली. काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरनं, म्हणजे आर्किटेक्टांची नोंदणी करणाऱ्या संस्थेनं, करारासाठी ज्या अटी घालून दिल्यात त्यात म्हटलंय की ड्रॉइंग आर्किटेक्टच्या मालकीची, मालकानं ती त्याच कामापुरती वापरायची, परत वापरायची तर त्याची वेगळी फी. त्याच अटींत आणखी एक गोष्ट आहे जी आर्किटेक्ट मंडळी आपणहून सांगत नाहीत: ती ड्रॉइंग आर्किटेक्टनंही दुसऱ्या कामाला वापरायची नाहीत. म्हणजे तुमच्या बंगल्याची डिट्टो कॉपी त्यानं पुढच्या गल्लीत दुसऱ्याला खपवली तर विचारायला तुम्हीही मोकळे, अर्थात या अटी तुमच्या करारात असतील तर.

## "सगळे बंगले सारखेच असतात, त्यात त्याचं काय?"

याच्यात बरंच तथ्य आहे. कॉपीराइट कल्पनेला नसतो, ती ज्या रूपात मांडली त्या रूपाला असतो, सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये एका नाटक-सिनेमाच्या वादात हे स्वच्छ सांगितलंय. पूर्वेला दार, आग्नेयेला किचन, नैर्ऋत्येला मास्टर बेडरूम, ही कुणा आर्किटेक्टची प्रतिभा नाही, हे वास्तूवाल्यांनी सगळ्यांच्याच डोक्यात घातलंय. वीस बाय चाळीसच्या प्लॉटवर समोर पार्किंग, मग हॉल, मग किचन, मागं बेडरूम, याच्यापेक्षा वेगळं बसतंय तरी काय? अशा प्लॅनवर कुणी मालकी सांगितली तर कोर्टात ती टिकवणं अवघड जाईल.

तरी "सारखा" आणि "तोच" यात फरक आहे. दुसऱ्या इंजिनिअरनं मेहुण्याच्या गरजा ऐकून कोऱ्या शीटवर स्वतः मांडणी केली आणि ती थोडीफार सारखी आली, तर हरकत नाही. पण मूळ फाइल उघडायची, जिना उचलून बाहेर ठेवायचा, टायटल ब्लॉक पुसून आपला चिकटवायचा, तर ती चोरीच. ही पकडली कशी जाते ते सांगतो, कारण आमच्या ऑफिसात एकदा पकडली होती. एका बाथरूमच्या भिंतीचं माप चार फूट सव्वासात इंच असं अर्धवट पडलं होतं, ड्रॉइंग काढणाऱ्याची चूक, म्हणजे माझीच. ती चूक तशीच्या तशी दुसऱ्याच्या नावावरच्या शीटवर आली. सर हसले आणि मला म्हणाले, बघ, तुझी चूकसुद्धा कुणाला तरी आवडली.

पिंटरेस्टवरचा फोटो दाखवून "असंच पाहिजे" म्हणणाऱ्यांनाही हेच. स्फूर्ती घ्या की, हुबेहूब उतरवू नका. बाकी कुणाच्या घराचा रस्त्यावरून फोटो काढणं, चित्र काढणं याला आपल्याकडं कॉपीराइटची आडकाठी नाही, कायद्यात तशी सूट आहे.

## बांधकाम थांबवू शकतात का?

आता आर्किटेक्ट लोकांना न आवडणारा भाग. दुसऱ्या कुणी गाण्याची, पुस्तकाची चोरी केली तर कोर्टाकडून मनाई हुकूम आणता येतो, माल जप्त होतो. इमारतीच्या बाबतीत कायद्याचं ५९ वं कलम म्हणतं की बांधकाम सुरू झालं असेल किंवा पूर्ण झालं असेल, तर कॉपीराइटच्या कारणावरून ते थांबवायचा किंवा पाडायचा हुकूम मिळणार नाही. नुकसानभरपाई मागा, तेवढीच. कारणही उघड आहे, उभ्या घरातल्या माणसांना रेषांच्या भांडणासाठी रस्त्यावर आणायचं नाही. जाणूनबुजून केलेल्या चोरीला एरवी फौजदारी कलम आहे, तुरुंग आणि दंड दोन्ही, पण नक्कल करून इमारत बांधणं हा त्या कलमाखाली गुन्हा नाही असं तिथंच स्पष्ट लिहिलंय.

मूळ इमारतच मालकानं पाडली तर? याचं उत्तर दिल्लीत मिळालं. प्रगती मैदानावरचा हॉल ऑफ नेशन्स, १९७२ च्या आशियाई व्यापार मेळ्यासाठी बांधलेला, आर्किटेक्ट राज रेवाल, स्ट्रक्चरल इंजिनिअर महेंद्र राज. काँक्रीटच्या दांड्यांची त्रिकोणी जाळी, आत एकही खांब नाही, जगभरच्या आर्किटेक्चर कॉलेजांत शिकवत असत. एप्रिल २०१७ मध्ये सरकारनं रातोरात पाडला. रेवाल कोर्टात गेले, कॉपीराइट कायद्यात निर्मात्याच्या मानसन्मानाचा एक वेगळा हक्क आहे त्याच्या आधारावर. हा हक्क कॉपीराइट विकला तरी निर्मात्याकडेच राहतो, आपलं नाव लागलं पाहिजे आणि आपल्या कामाची नाचक्की होईल अशी मोडतोड होऊ नये, असा. मागणी होती की तोच हॉल पुन्हा उभारा.

दिल्ली हायकोर्टानं मे २०१९ मध्ये ती फेटाळली. जमीन आणि इमारत ज्याची त्याला ती पाडायचा हक्क आहे, आर्किटेक्टचा हक्क त्याच्या वर जात नाही. आणि पूर्णच पाडली तर लोकांना ती विद्रूप दिसायचा प्रश्नच उरत नाही, मग नाव खराब कसलं होणार, असा कोर्टाचा युक्तिवाद. मला तो पटतो आणि खटकतोही. भिंत रंगवली तर आर्किटेक्ट भांडू शकेल पण अख्खी इमारत नाहीशी केली तर नाही, असं त्यातून निघतं. याच कोर्टानं २००५ मध्ये विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं म्युरल, म्हणजे भित्तिशिल्प, उखडल्याबद्दल सरकारविरुद्ध उलटा निकाल दिला होता, अवशेष परत द्या आणि वर ५ लाख भरपाई द्या. म्युरल उचलून दुसरीकडं नेता येतं, इमारत जमिनीला चिकटलेली, आणि जमीन म्हटलं की मालक मोठा.

पणजीच्या कला अकादमीवरून गोव्यात गेली काही वर्षं केवढं रण पेटलंय, आणि ते तिचे आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया गेल्यानंतर. दुरुस्ती चालू असताना जुलै २०२३ मध्ये तिथल्या खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं तेव्हा लोक जे चिडले ते कुठल्या कलमामुळं नाही चिडले. नावाजलेल्या इमारती वाचतात त्या लोकांच्या ओरड्यानं, कॉपीराइटनं फारशा नाही.

उलट बाजूनं कायद्यानं घरमालकासाठी एक दार उघडं ठेवलंय. घर आगीत, पुरात, भूकंपात गेलं तर मूळ प्लॅनवर ते पुन्हा तसंच बांधायला कुणाची परवानगी लागत नाही, मूळ बांधकाम रीतसर परवानगीनं झालेलं असलं की बास. २०१९ च्या पुरात आमच्याकडं आणि सांगलीकडं घरं गेली तेव्हा प्रश्न कॉपीराइटचा नव्हताच, प्रश्न होता प्लॅनचा कागद कुणाकडं शिल्लक आहे का. सगळे कपाटासकट भिजले होते.

## फाइल का देत नाहीत

पीडीएफ देतील, प्रिंट देतील, पण ऑटोकॅडची फाइल मागितली की तोंड वाकडं. निम्मं कारण वर आलंच, फाइल म्हणजे फर्मा. निम्मं कारण जबाबदारीचं, आणि ते खरं आहे. पीडीएफमध्ये सहजासहजी कुणी कॉलम हलवत नाही. कॅडच्या फाइलमध्ये दोन क्लिकमध्ये कॉलम नऊ इंच सरकतो, आरसीसीवाल्याला पत्ता नाही, साइटवर सेंटरिंग लागतं, आणि उद्या तडा गेला तर शीटवर नाव पहिल्याचंच. म्हणून समजूतदार लोक काय करतात तर फाइल देतात पण सोबत चार ओळी लिहून घेतात, यापुढच्या बदलांना आम्ही जबाबदार नाही. फाइल द्यायलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, देऊ नका असंही म्हणत नाही, करारात काय ठरलं त्यावर आहे. आणि करार? छोट्या गावात व्हिजिटिंग कार्डाच्या मागं फीचा आकडा लिहिला की झाला करार.

मधेच आर्किटेक्ट बदलायचा असेल तर नव्यानं जुन्याला कळवायचं, असा या व्यवसायाच्या १९८९ च्या नियमांचा दंडक आहे. आधीची फी दिली का हे तिथंच निघतं.

## फ्लॅटवाल्यांचं वेगळं

इथं मात्र चित्र बदलतं, कारण फ्लॅट घेणाऱ्याला प्लॅनचा कॉपीराइट नको असतो, प्लॅन बघायला आणि जपायला मिळाला तरी पुरे असतो, आणि तो हक्क त्याला २०१६ च्या रेरा कायद्यानं, म्हणजे घर खरेदीदारांसाठीच्या कायद्यानं, दिलाय. बुकिंग करताना मंजूर प्लॅन दाखवायचा, तो साइटवर लावायचा. तुमच्या फ्लॅटचा प्लॅन तुमच्या संमतीशिवाय बदलायचा नाही, आणि लेआउट किंवा सामाईक जागा बदलायची तर बिल्डर सोडून बाकी खरेदीदारांपैकी दोन तृतीयांश लोकांची लेखी संमती. महाराष्ट्रात तर १९६३ च्या मोफा, म्हणजे फ्लॅटमालकीच्या, कायद्यापासूनच संमतीशिवाय प्लॅन बदलायला बंदी आहे, लोकांना माहीत नसतं इतकंच. आणि भोगवटा प्रमाणपत्र आलं की साधारण ३० दिवसांत सगळी कागदपत्रं आणि प्लॅन सोसायटीच्या ताब्यात द्यायचे. "आर्किटेक्टचा कॉपीराइट आहे, प्लॅन देता येत नाही" असं बिल्डर सांगत असेल तर ते ऐकून घेऊ नका. कॉपीराइट त्याचा असला तरी एक सेट तुमचा आहे.

जुन्या सोसायट्यांचे हाल जास्त. इमारत तीस वर्षांची झाली, स्ट्रक्चरल ऑडिट मागतात, ऑडिटवाला म्हणतो आरसीसी ड्रॉइंग दाखवा, बिल्डर कधीच गायब. मग महापालिकेत मंजूर नकाशाच्या सर्टिफाइड कॉपीसाठी अर्ज, नाहीतर माहिती अधिकार. माहिती अधिकाराच्या ९ व्या कलमात खासगी व्यक्तीच्या कॉपीराइटचा भंग होत असेल तर माहिती नाकारता येते, आणि काही बाबू लोक तेच बोट दाखवतात. पण कायद्याप्रमाणे दिलेली सर्टिफाइड कॉपी ही कॉपीराइटचा भंग नाही असं कॉपीराइट कायदाच म्हणतो, तेव्हा सोसायटीच्या लेटरहेडवर सर्टिफाइड कॉपीच मागायची, हा मला सरळ रस्ता वाटतो.

रिडेव्हलपमेंटवाल्यांनी अजून एक सांभाळायचं. तीन बिल्डर येतात, तिघं आपापले कन्सेप्ट प्लॅन दाखवतात, कमिटीला पहिल्याचा प्लॅन आवडतो आणि तिसऱ्याचा भाव, आणि मग सेक्रेटरी पहिल्याची पीडीएफ तिसऱ्याला व्हॉट्सॲप करतात, "असं बसवा". हे करू नका. त्या पीडीएफचे पैसेही दिलेले नसतात, तिथं गृहीत परवानगीसुद्धा नाही.

## जिन्याचं काय झालं

मी मेहुण्याला म्हटलं, नोटिशीची वाट बघू नको, चल भेटू. आठ दिवसांनी दोघं त्या आर्किटेक्टच्या ऑफिसात बसलो. माणूस चांगला होता, चिडलेला होता पण चांगला होता. बाकीच्या ४० टक्क्यांतलं साइट व्हिजिटचं काम आता त्यांना करायचं नव्हतं, तेवढी रक्कम वजा झाली. उरलेली मेहुण्यानं तिथंच यूपीआय केली. त्यांनी एका पानावर लिहून दिलं की या प्लॉटवरच्या या एका घरासाठी दुसऱ्या इंजिनिअरनं हा प्लॅन वापरायला आणि त्यात बदल करायला हरकत नाही, बदलांची जबाबदारी त्या इंजिनिअरची, दुसऱ्या प्लॉटवर वापरायचा नाही. खाली दोघांच्या सह्या, तारीख. फाइल दिली नाही, प्रिंटचे दोन सेट आणि पीडीएफ दिली. "इंजिनिअरला म्हणावं परत काढ, अर्धा दिवस लागेल."

जिना बाहेरून घ्यायचा तर सुधारित मंजुरी लागणारच होती, ते मार्जिनचं त्यांचं खरंच होतं. मेहुणा त्यावर काही बोलला नाही.

निघताना त्यानं एक शीट उघडली, बोटानं जिना शोधला, मग बोट खाली खाली आलं आणि कोपऱ्यातल्या चौकटीवर थांबलं. चष्मा वर करून त्यानं ती बारीक ओळ पहिल्यांदा वाचली, मोठ्यानं, शाळेत वाचतात तशी.

"दाजी, हे आधीपास्नं हुतं का?"

"पहिल्या शीटपासून."